मांत्रिक एकटाच लढाई संपवतो अन् पहेलवान बसून राहतो: मंत्र आणि क्लासचा तोल कसा बसवायचा?

पांदणवाट (राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, चार खेळणारे अन् मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट अन् शत्रू चालवणारा). टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची, तसला खेळ आहे, आम्हीच बसवलेला. तालुक्याला वीस बाजूंचा फासा मिळत नाही, लुडोचे फासे मात्र कुठंही मिळतात, म्हणून सगळं सहा बाजूंच्या फाशांवर चालतं. दोन फासे टाकायचे, त्यात कौशल्य मिळवायचं, ९ किंवा जास्त आले की जमलं. जागा म्हणजे गोंड राजांच्या काळातलं चांद्याकडचं (चंद्रपूरकडचं) जंगल.

क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, चार: पहेलवान, मागकाढ्या, वैदू, मांत्रिक. तिसऱ्या लेव्हलला आकडे असे आहेत:

पहेलवान: कौशल्य +२, कुऱ्हाडीचं डॅमेज (शत्रूला लागणारा मार) १ फासा + ३.
मांत्रिक: "ठिणगी" हा छोटा मंत्र, कौशल्य +२, डॅमेज १ फासा, कितीही वेळा. "वणवा" हा मोठा मंत्र, ४ फासे डॅमेज, पाच पावलांच्या घेरातल्या सगळ्यांना, नेम चुकत नाही. शत्रूने दोन फाशांवर ८ आणले तर अर्धं डॅमेज. दिवसाला ३ वेळा, झोप झाली की परत भरतो.

रानकुत्र्याला १० एचपी (अंगातला जीव, डॅमेज त्यातून वजा होतं) आहेत, अस्वलाला ४०. चार रानकुत्रे समोर आले की मांत्रिक वणवा टाकतो आणि विषय संपला. मग म्हणतो, "चला, झोपू अन् सकाळी पुढं जाऊ." मागकाढ्याचंही तेच दुखणं आहे. मांत्रिकाकडे "वाटदिवा" नावाचा मंत्र आहे, तो सरळ शत्रूच्या अड्ड्यावर नेतो. वैदू "अन्नपाणी" मंत्राने सगळ्यांचं भागवतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या जंगलाची काही भीतीच उरली नाही.

पहेलवानाचं डॅमेज सरळ दुप्पट करावं असा विचार करून राहिलो. बरोबर होईल का?

---

सहाफाशी (परतवाडा)

दुप्पट करू नका भाऊ. आधी हिशेब मांडू, मग कुठं पाणी मुरतंय ते दिसेल.

पहेलवानाला +२ आहे, म्हणजे फाशांवर ७ हवेत. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी २१ जोड्या ७ किंवा जास्त देतात, म्हणजे ५८ टक्के. डॅमेजची सरासरी ६.५. गुणाकार केला तर एका फेरीला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक फेरी) ३.८.

वणव्याची सरासरी १४. शत्रू ४२ टक्के वेळा अर्ध्यावर सुटतो. दोन्ही धरून एका शत्रूमागे ११. चार शत्रू घेरात असतील तर ४४. म्हणजे मांत्रिकाचा एक मंत्र आणि पहेलवानाचे जवळपास बारा वार सारखे. वर रानकुत्र्याचे एचपी १० ठेवलेत आणि ४ फाशांवर १० किंवा जास्त येण्याची शक्यता ९० टक्के आहे. सुटका झाली नाही की कुत्रा गेलाच समजा.

आता पहेलवानाचं डॅमेज दुप्पट केलं तर काय होईल? कुत्र्यांच्या लढाईत फारसं बदलणार नाही, कारण त्याची पाळी येईपर्यंत निम्मे कुत्रे गेलेले असतात आणि उरलेले बहुतेक एका वाराचेच असतात. उलट ४० एचपीचं अस्वल, जे एकट्या पहेलवानाला दहा-अकरा फेऱ्या पुरलं असतं, ते पाच फेऱ्यांत पडेल. औषध भलत्याच जागी लागतं.

खरा मुद्दा फेरीचा नाही, दिवसाचा आहे. एका दिवसात चार लढाया, प्रत्येक लढाई चार फेऱ्यांची, अशा १६ फेऱ्या धरा. पहेलवानाचं दिवसाचं डॅमेज साधारण ६१. मांत्रिकाचे तीन वणवे, प्रत्येकात सरासरी अडीच शत्रू, त्याचे ८३. उरलेल्या १३ फेऱ्यांत ठिणगी, तिचे २६-२७. एकूण ११०, पहेलवानाच्या पावणेदोन पट. आता तुमच्याकडे होतं तसं दिवसाला एकच लढाई करून झोपा. पहेलवान १५, मांत्रिक ८५. साडेपाच पट. मंत्र तोच, आकडे तेच, फक्त झोप लवकर घेतली.

हा प्रश्न फक्त घरी बसवलेल्या खेळातच येतो असं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या याच प्रकारच्या प्रसिद्ध खेळाची २०१४ ची आवृत्ती दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा अवघड लढाया धरून आखलेली आहे. टेबलावर एकदोनच झाल्या की तिथंही जादूवाले वरचढ होतात. त्याच खेळातल्या फायरबॉल या आगीच्या मंत्राला ८ फासे डॅमेज आहे, पण त्याच्याच जीएम-पुस्तकातला तक्ता त्या पातळीच्या, अनेकांना लागणाऱ्या मंत्राला ६ फासे सुचवतो. म्हणजे एखादा मंत्र मुद्दाम जड ठेवता येतो, पण तो जड आहे हे आखणाऱ्याला माहीत पाहिजे.

तुमच्यासाठी मी तीन बदल करीन.

वणवा ३ फाशांवर आणा आणि दिवसाला २ वेळा ठेवा. एका शत्रूमागे ८.३ होतं. अडीच शत्रू, दोन वणवे, त्याचे साधारण ४२. उरलेल्या १४ फेऱ्यांच्या ठिणग्या २८-२९. एकूण ७०, समोर पहेलवानाचे ६१. मांत्रिक थोडा पुढे राहिला तरी चालेल, त्याच्या अंगात जीव कमी असतो. त्याचे एचपी पहेलवानाच्या निम्मे आहेत ना, तेवढं बघा.

दुसरं, मंत्र भरण्याची जागा बांधून टाका. झोपलो की भरले, असं नको. गावात, छपराखाली, पूर्ण रात्र काढली तरच भरतात. जंगलात झोपलं तर एचपी थोडे भरतील, मंत्र नाही. या एका नियमाने निम्मा प्रश्न सुटतो, कारण गावापासून अड्ड्यापर्यंतच्या वाटेवर किती लढाया येतील हे आता तुमच्या हातात येतं. तीन-चार ठेवा. सहाच्या वर गेलात तर मांत्रिक बहुतेक लढायांत नुसत्या ठिणग्याच टाकत बसेल आणि तोही कंटाळेल.

तिसरं, वणवा एका फेरीत सुरू होऊन पुढच्या फेरीच्या सुरुवातीला फुटू द्या. मधल्या वेळात मांत्रिकाला मार लागला तर दोन फाशांवर ८ आणावे लागतील, नाही आले तर मंत्र गेला. म्हणजे कोणीतरी पुढं उभं राहून त्याला वाचवलं पाहिजे.

एक सावधगिरी. पहेलवानाला "थोडंसं" म्हणून कौशल्य +३ देऊ नका. दोन फाशांवर +१ ची किंमत जागेप्रमाणे बदलते. ७ ऐवजी ६ लागले की ५८ चे ७२ टक्के होतात. तेच, ९ ऐवजी ८ लागणार असतील तर २८ चे ४२ होतात, म्हणजे सरळ दीडपट. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +१ म्हणजे ५ टक्केच, म्हणून तिथले बोनस उचलून इकडे लावले की खेळ मोडतो.

---

धुऱ्यावरचा (दर्यापूर)

सहाफाशी भाऊचा हिशेब एकदम बरोबर. पण पहेलवानाले आकडे देऊन भागत नाही, त्याले काम द्या. दरवेळी "मी कुऱ्हाड मारतो" एवढंच म्हणाचं असंन तर ३.८ काय अन् ७.६ काय, तो पोट्टा मोबाईलच पाहीन.

माह्या मतानं हे तीन डाव द्या. दिवसाची मर्यादा एकालेही ठेवू नका. पहेलवान थकत नाही, हेच त्याचं बळ हाय.

अडवण: शत्रू त्याच्या दोन पावलांतून पुढं जाऊ पाह्यते तवा पहेलवानानं फासे टाकाचे. ९ झाले की शत्रू तिथंच थांबला, त्या फेरीत पुढं सरकत नाही. फेरीत एकदाच. हे आपल्या पाळीबाहेर होते, म्हणून दुसऱ्याच्या पाळीतही त्याचं ध्यान खेळात राह्यते. फेरीत एकदाच हे इसरू नका, नाही तर अरुंद नाल्यात एकटा पहेलवान पंचवीस जण अडवते.

पकड: वार जमला पण डॅमेज सोडून द्याचं, अन् शत्रूले धरून ठेवाचं. धरलेल्यावर बाकीच्यांले ९ ऐवजी ८ लागते. सुटाले शत्रूनं आपल्या पाळीत ९ आणाचे.

ढकल: वार जमला की डॅमेजच्या जागी दोन पावलं मागं लोटाचं. हा डाव साधा दिसते, पण वणवा एक फेरी उशिरा फुटणार असंन तर पहेलवान दोन शत्रू घेरात लोटते अन् सोता बाहेर राह्यते. मांत्रिकाचे अडीचचे चार शत्रू होतात ते पहेलवानामुळं. आता दोघंही एकमेकांकडं पाहून खेळतीन.

याच्यात चूक कुठं होते ते सांगतो. जीएम मोठ्या जनावराले "याले पकड लागत नाही" म्हणून मोकळा होते. अस्वल, रानगवा, राजाचा हत्ती, सगळ्याले माफी. मंग ऐन मोठ्या लढाईत पहेलवान पुन्हा रिकामा. माफी देऊ नका, असर कमी करा. अस्वलाले धरलं तर ते थांबत नाही, पण त्या फेरीत अर्धंच अंतर चालते.

अन् अस्वल एकटं असंन तर त्याले फेरीत दोन पाळ्या द्या. चौघांच्या चार पाळ्यांपुढं एका पाळीचं जनावर टिकत नाही, एचपी कितीही वाढवा. मांत्रिकानं गुंगीचा मंत्र टाकला तर त्याची एकच पाळी जाईन, दुसरी राहीन. मंत्रही वाया गेला नाही अन् लढाईही चालू राह्यली.

एक अजून. क्लासक्लासातला फरक पुसू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ च्या आवृत्तीत सगळ्या क्लासले एकाच साच्यातले डाव होते: काही कितीही वेळा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा तोल चांगला बसला, पण "सगळे सारखेच वाटतात" ही तक्रार लय लोकांनी केली. पहेलवानाले "दिवसातून दोनदा महाकुऱ्हाड" देसान तर तो लाल रंगाचा मांत्रिकच होईन.

---

मोहफूल (देवरी, जि. गोंदिया)

लढाईचं वर चांगलं सांगितलं आहे. मला वाटतं तुमचा जास्त मोठा बिघाड वाटदिवा आणि अन्नपाणी या दोन मंत्रांत आहे. डॅमेज जास्त झालं तर दोन फासे कमी करता येतात. पण मंत्र जेव्हा एखाद्या क्लासचं अख्खं कामच फासे न टाकता करून देतो तेव्हा तो क्लास खेळातून बाहेर पडतो. मागकाढ्या ९ आणायला धडपडतो, मांत्रिकाला ते १०० टक्के मिळतं.

माझा नियम साधा आहे. मंत्राने जे कळतं ते अपुरं असावं, आणि उरलेलं क्लासच्या कौशल्यातूनच भरून निघावं.

वाटदिवा दिशा सांगेल, अंतर नाही. मध्ये नदी आहे की कडा, तेही नाही. दिव्याचा उजेड अंधारात शंभर पावलांवरून दिसेल. मागकाढ्याने माग बघितला आणि ९ आणले तर किती जण गेले आणि कधी गेले हे कळेल. ११ आणले तर त्यातला कोण लंगडतोय, कोणाच्या पाठीवर ओझं आहे, हेही. +२ कौशल्याला ११ म्हणजे फाशांवर ९, २८ टक्के. चौथ्या लेव्हलला +३ झालं की ४२ टक्के, वाढ हाताला लागते. आता दोघं मिळून वाट काढतील.

आवाज, उजेड, वास ही चांगली किंमत असते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुलूप उघडणारा नॉक मंत्र आहे, त्याचा ठोका ३०० फुटांवर ऐकू जातो. म्हणून कुलूप गुपचूप उघडायला चोराचीच गरज राहते. हाच विचार तुमच्या प्रत्येक मंत्राला लावून बघा.

अन्नपाणी तर पहिल्या काही लेव्हलला काढूनच टाका. त्याच खेळात गुडबेरी नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र आहे, दहा बोरं येतात आणि एक बोर एका माणसाला दिवसभर पुरतं. ज्या मोहिमेत उपासमार हाच शत्रू आहे ती तिथंच संपते. तुमचं जंगल चांद्याचं आणि महिना वैशाखाचा असेल तर पाणी हाच सगळ्यात मोठा शत्रू पाहिजे. वैदूला त्याऐवजी "पाणी ओळखणे" द्या. पाणवठा सापडला तर पाणी पिण्यासारखं आहे का, नाही तर कोणत्या मुळीने किंवा उकळून चालेल, हे तो सांगेल. माणशी दिवसाला दोन तुंबे पाणी धरा. एक तुंबा कमी पडला की सगळ्या फाशांवर -१, दोन पडले की -२. वर सहाफाशींनी सांगितलंच आहे, दोन फाशांवर -१ चांगलाच झोंबतो.

वणव्याबद्दलही एक. तो मंत्र जागेशी बांधला तर आकडे कमी न करताही आवरतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तीच आग पसरून जंगल पेटतं, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. मग मंत्राचा वणवा का पसरू नये? कोरड्या पाल्यावर किंवा उभ्या गवतावर फुटला तर एक फासा टाका, ५-६ आले की आग धरली. दर फेरीला दोन पावलं वाऱ्याच्या दिशेने सरकेल, उभ्या असलेल्याला १ फासा डॅमेज. ओल्या नाल्यात, पावसात, नांगरलेल्या वावरात धरत नाही. हे सगळं मंत्राच्या कागदावर आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी जीएमने "आग पसरली बरं का" म्हटलं तर खेळणाऱ्याला ते शिक्षेसारखं वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती. मंत्रांना गोंडांच्या पेर्सापेनचं किंवा कुठल्याही खऱ्या देवाचं नाव देऊ नका, आणि भुमका, पडियार अशा त्यांच्या पुजाऱ्या-भगतांच्या नावांचा क्लास करू नका. ते आपल्या शेजारची माणसं आहेत, त्यांची पूजा खरी आहे. त्यांच्या नावापुढे डॅमेजचे आकडे शोभत नाहीत.

---

जागली (सिंदेवाही)

दिवसाला दोनच वणवे, हे मला पटत नाही. मांत्रिक खेळणारा शेवटचा वणवा राखून ठेवतो, राखून ठेवतो, आणि मोहीम संपते तरी टाकत नाही. मर्यादेऐवजी ताण मोजा.

प्रत्येक मंत्राला ताण असतो. ठिणगी ०, वाटदिवा १, गुंगी २, वणवा ३. मंत्र टाकला की त्याचा ताण आधीच्या बेरजेत मिळवायचा आणि लगेच दोन फासे टाकायचे. एकूण ताणापेक्षा कमी आले तर मंत्र लागतो, पण मांत्रिक कोलमडतो. फक्त वणवे टाकले तर गणित असं येतं: पहिल्याला एकूण ३, धोका ३६ मधला १. दुसऱ्याला ६, धोका २८ टक्के. तिसऱ्याला ९, धोका ७२ टक्के. मर्यादा दोन-तीनावरच आली, पण तिसरा टाकायचा की नाही हे खेळणारा ठरवतो. गावात रात्र काढली की ताण शून्य.

---

सहाफाशी

जागली, चांगलं आहे, मर्यादेपेक्षा हे मला आवडलं. फक्त कोलमडणं म्हणजे काय ते नीट बांधायला पाहिजे. बऱ्याच खेळांत मंत्र उलटला की आजूबाजूच्यांना लागतो. मग धोका मांत्रिक घेतो आणि भरतो पुढं उभा असलेला पहेलवान. ते नको. कोलमडला की मांत्रिकाची पुढची फेरी गेली आणि गावात जाईपर्यंत ठिणगीशिवाय काही नाही, एवढं पुरे. आणि ताण सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा, तुरीचे दाणे चालतील. कागदावर लिहिलं की विसरतात.

---

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. अडवण, पकड, ढकल तिन्ही घेतो. वाटदिव्याचा नियम मोहफूल ताईंचा जशाचा तसा. देवांची नावं आमच्या मंत्रांत नाहीत, पुढंही राहणार नाहीत. वणवा ३ फाशांवर आणतो आणि ताण लावतो. दोन शंका आहेत. ताण, उशिरा फुटणं अन् आग पसरणं, तिन्ही एकदम लावले तर मांत्रिक फारच बांधला जाणार नाही का? अन् पुढच्या मोहिमेआधी हे तपासायचं कसं?

---

सहाफाशी

हो, तिन्ही एकदम जास्त होईल. ताण आणि उशिरा फुटणं ठेवा. आगीचा नियम फक्त उन्हाळी मोहिमेत.

तपासायला गोष्ट बाजूला ठेवून नुसत्या लढाया खेळा. एकच मांडणी: चार रानकुत्रे, तुरीच्या वावराचा धुरा, अंतर वीस पावलं. एकदा मांत्रिकासह, एकदा मांत्रिक वगळून, एकदा पहेलवान वगळून. प्रत्येक तीन-चार वेळा, कारण एकदा खेळून फाशांचं नशीब दिसतं, नियम दिसत नाही. वहीत तीन गोष्टी लिहा: लढाई किती फेऱ्यांत संपली, कोणाचे किती एचपी गेले, आणि कोणाची पाळी "काही करण्यासारखं नाही" म्हणून वाया गेली. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. मांत्रिक वगळल्यावर फेऱ्या दुपटीच्या वर गेल्या तर वणवा अजून जड आहे. पहेलवान वगळल्यावर मांत्रिकाचे एचपी आधीइतकेच राहिले तर अडवणीचा उपयोग होत नाहीये, दोन पावलांची तीन करा.

एका वेळी एकच आकडा बदला. दोन बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

---

धुऱ्यावरचा

अन् फासे पाहून घ्या भाऊ. लुडोच्या सस्त्या फाशाचे कोपरे घासलेले राह्यतात. एक फासा ६० वेळा टाका, प्रत्येक अंक १० वेळाच्या आसपास आला पाह्यजे. ४ ते १६ च्या आत असंन तर घोर करू नका. एखादा अंक त्याच्याबाहेर गेला तर पुन्हा ६० वेळा टाका, तोच अंक पुन्हा बाहेर गेला तर तो फासा पोट्ट्याइले लुडो खेळाले द्या. अन् ताणाची जोडी एका रंगाची, वाराची जोडी येगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे दोन्ही जोड्या एकाच फेकीत टाकता येतात, येळ वाचते.